आधी पोटोबा : पण कोणाचा?

सज्जनहो, ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण आपण नेहमी ऐकतो. कोणी ती थट्टेने म्हणतो, कोणी भजन चुकवायला तिचा आडोसा घेतो. म्हण खोटी नाही. पण ती कोणाच्या पोटासाठी आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

अमेरिकेत अब्राहम मॅस्लो नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. माणूस धडपडतो तो कशाच्या ओढीने, याचा विचार त्यांनी १९४३ साली एका निबंधात मांडला. त्यांनी पाच गरजा सांगितल्या. पहिली देहाची : अन्न, पाणी, झोप. दुसरी निर्भयतेची, म्हणजे उद्याची शाश्वती. तिसरी मायेची. चौथी मानाची. आणि पाचवी, आपल्या अंगी जे आहे ते पूर्ण फुलावे ही. खालची गरज बरीचशी भागली की वरची जागी होते, असे त्यांचे म्हणणे.

पहिल्या गरजेचे बळ केवढे, ते पाहा. १९४५ साली मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्याच संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने उतरले. पण मनाची गत काय झाली? रात्रंदिवस अन्नाचाच विचार! कोणी पाककृतींची पुस्तके वाचत बसे, कोणी ताट चाटून पुसून घेई. हास्यविनोद आटला, माणसे चिडखोर आणि एकलकोंडी झाली. भुकेल्याचे चित्त अन्नात गुंतते, तो त्याचा दोष नव्हे. तो देहाचा धर्म आहे.

कोणी म्हणेल, “महाराज, आम्हीही एकादशी करतो. आमचे चित्त कुठे ढळते?” अरे बाबा, उपास वेगळा आणि उपासमार वेगळी. एकादशीच्या भुकेला द्वादशीचे पारणे ठरलेले असते. ज्याच्या डब्यात पीठच नाही, त्याची द्वादशी कधी? त्याला भुकेबरोबर उद्याचे भयही खाते. म्हणून आपल्या एकादशीच्या जोरावर भुकेल्याला उपदेश करू नये. आधी भाकरी द्यावी, मग नाम सांगावे. ही म्हण दुसऱ्याच्या पोटासाठी आहे.

आणि आपल्या पोटाचे काय? हा क्रम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, हे मॅस्लोंनीच सांगून ठेवले आहे. थोर ध्येय उराशी धरलेली माणसे त्यापायी सर्वस्व सोडतात. ते मिनेसोटाचे तरुणच घ्या. युद्धाने उपाशी पडलेल्यांना पुन्हा कसे उभे करावे, हे कळावे म्हणून त्यांनी आपली भूक पुढे केली.

आमच्या तुकोबारायांकडे पाहा. १६३० च्या दुष्काळात पहिली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला, मान गेला. खालच्या पायऱ्या ढासळल्या, तरी विठ्ठलाची ओढ वाढतच गेली. आणि दुसऱ्यांसाठी काय केले? लोकांकडून येणे असलेली आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. स्वतःची भूक सोसली, पण ऋणकऱ्याच्या उरावरचे भय उतरवले. दोन्ही एकाच हृदयात नांदले.

आपले मात्र उलटे चालते. कणगी भरली, मुले मार्गी लागली, तरी म्हणतो, ‘जरा स्थिरस्थावर होऊ द्या, मग वारीला येऊ.’ ही भूक नव्हे, हाव आहे. पोटाला माप असते, हावेला नसते. घरच्या म्हाताऱ्याला ताट वेळेवर मिळते, पण जवळ बसून दोन शब्द कोणी बोलत नाही. तोही उपाशीच की!

वारीत वाटेवर गावोगाव पंगत मिळते, दिंडीची सोबत मिळते, अनोळखी माणूस ‘माउली’ म्हणून हाक मारतो आणि लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. अन्न, निर्भयता, माया, मान, सारे तिथे वाटले जाते. मग पुढे कोणी चालावे, वीणा कोणी घ्यावा, यावरून आपण भांडावे काय? मान मागून घेतला तर भांडण उरते, देत गेलो तर सर्वांना पुरतो.

तेव्हा इतके करा. पंगतीत शेवटी आलेल्याला आधी वाढा. आपले पोट भरले, हे एकदा प्रामाणिकपणे कबूल करा. मग विठोबाला थांबवून ठेवायला कारणच उरत नाही.

रामकृष्णहरि.