स्तवनाचें मोल

देवाच्या स्तुतीचें गीत विकावें कीं नाहीं? ज्या खेड्यांतील मंडळीजवळ एक पेटी व एक मृदंग एवढीच काय ती सामग्री, तिला हा प्रश्न दूरचा वाटेल. परंतु भजनाचें बोलावणें आलें म्हणजे बिदागी घ्यावी कीं न घ्यावी, यावरून तेथेंही कुजबुज होतेच. म्हणून अमेरिकेंतील एका ख्रिस्ती गायकाचें वृत्त वाचकांपुढें ठेवून आम्ही या गोष्टीचा थोडा विचार करणार आहों.

कीथ ग्रीन यांचा जन्म १९५३ सालीं न्यूयॉर्क शहरांतील ब्रुकलिन भागांत झाला. घराणें यहूदी वंशाचें. वयाच्या अकराव्या वर्षींच डेक्का नांवाच्या मोठ्या कंपनीनें त्यांच्याशीं करार केला, तेव्हां हा मुलगा नांवलौकिकास चढणार असें वाटलें. तसें झालें नाहीं. तरुणपणीं ते मादक पदार्थांच्या व नाना पंथांच्या मागें भटकले. १९७५ सालीं ते ख्रिस्ताकडे वळले. १९७७ सालीं त्यांच्या भक्तिगीतांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली व ती पुष्कळ खपली. बाळपणीं जी कीर्ति हुलकावणी देऊन गेली होती, ती आतां आपल्या पायांनीं चालत दाराशीं आली.

आणि नेमक्या त्याच वेळीं, १९७९ सालीं, त्यांनीं कंपनीपाशीं बोलणें करून करारांतून मोकळीक मिळविली. यापुढें गायनाच्या सभेस तिकीट नाहीं व ध्वनिमुद्रिकेस ठराविक किंमत नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. पुढची ध्वनिमुद्रिका काढण्यासाठीं त्यांनीं व त्यांच्या पत्नी मेलडी यांनीं राहतें घर गहाण ठेविलें. १९८० सालीं ती निघाली. ज्यास जें देववेल तें त्यानें द्यावें. कांहींच देववत नसेल तर तशीच मागून घ्यावी. १९८२ च्या मे महिन्यापर्यंत तिच्या २,००,००० हून अधिक प्रती गेल्या. त्यांपैकीं ६१,००० फुकट. घर गहाण टाकून गीतें वांटणें हें शहाणपण नव्हे, असें कोणी व्यवहारी गृहस्थ म्हणेल. त्याच्याशीं आम्ही भांडत नाहीं.

प्रभूनें बारा शिष्यांस पाठवितांना केलेला उपदेश मत्तयाच्या १० व्या अध्यायांत आहे. विनामूल्य लाभलेलें विनामूल्यच द्यावें, अशी आज्ञा तेथें ८ व्या वचनांत आहे. आणि दोनच वचनें पुढें, काम करणाऱ्यास त्याच्या पोटापुरतें मिळणें रास्त आहे, असेंही तोच प्रभु सांगतो. आम्ही माणसें सोयीचें तेवढें वचन उचलतों. ऐकणारास पहिलें आवडतें, गाणारास दुसरें! गायकालाही पोट आहे, ध्वनिमुद्रण करणाऱ्या कारागिरास मजुरी हवी. ६१,००० जणांस जें फुकट मिळालें, त्याचा खर्च कोणी तरी सोसलाच. तेव्हां विकणारा तो पापी, असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. करिंथकरांस लिहितांना पौल आपला हक्क आधीं निक्षून सिद्ध करितो, आणि मग आपण होऊन तो सोडतो. हक्क नसणें वेगळें आणि असलेला हक्क सोडणें वेगळें. ज्याच्या गांठीं पैसा नाहीं तो स्तवनाच्या दाराशीं अडूं नये, एवढ्यासाठीं ग्रीन यांनीं आपला हक्क सोडला. मंडळीनें प्रेमानें दिलेली बिदागी घेण्यांत आम्हांस दोष दिसत नाहीं. मात्र "आधीं रक्कम ठरवा, मग येऊं," असें गरीब मंडळीस सांगणाऱ्या भजनीबुवांनीं आपण कोणाची वाट अडवून उभे आहों, हें एकदां पाहावें.

२८ जुलै १९८२ रोजीं टेक्सास येथें त्यांच्या निवासाजवळ एक लहान विमान कोसळलें. त्यांत प्रमाणाबाहेर माणसें बसलीं होतीं. ग्रीन, त्यांचीं दोन लहान मुलें व आणखी नऊ जण मरण पावले. ग्रीन यांचें वय अवघें २८ होतें. मेलडीबाई त्या दिवशीं तान्ह्या मुलीस घेऊन घरीं राहिल्या होत्या, व त्या गरोदरही होत्या. पतीचें कार्य त्यांनीं पुढें चालविलें. कांहीं वर्षांनीं ग्रीन यांच्या गीतांचे संग्रह त्याच जुन्या कंपनीमार्फत, किंमत लावून, दुकानांत आले. त्यांत कोणाचें चुकलें असें आम्हांस म्हणवत नाहीं.