देवाची जन्मतारीख

दिवाळीच्या सुट्टीत भाची माझ्याकडे राहायला आली होती. २७ ऑक्टोबरला सकाळी चहाही न घेता ती फोन घेऊन बसली. म्हणाली, "मावशी, आज नाहिदाचा वाढदिवस. तिचं पत्र आलंय." मी डोकावून पाहिलं. 'गेनशिन इम्पॅक्ट' या गेममधल्या टपालपेटीत एक पत्र उघडलेलं होतं. मायेच्या चार ओळी, आणि खाली खाऊ आणि एक छोटीशी भेट. "वाढदिवस तिचा, मग भेट तुला कशी?" मी विचारलं. "असंच असतं," ती म्हणाली आणि दात घासायला गेली.

तो प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला, आणि नाहिदा ही त्या गेममधली एक देवता आहे हे कळल्यावर त्यातून दुसरा निघाला. ज्यांना मरण नाही, त्यांना वाढदिवस कशाला हवा?

शांघायच्या मिहोयो कंपनीचा हा गेम २८ सप्टेंबर २०२० रोजी आला. त्यातल्या जगात सात प्रदेश आहेत आणि प्रत्येक प्रदेशाचा एक देव आहे. चीन, जपान, युरोप, इराण, भारत अशा अनेक ठिकाणच्या पुराणकथांचे धागे त्या देवांच्या गोष्टींत विणलेले आहेत. खेळायला मिळणाऱ्या पात्रांना जन्मतारीख दिलेली असते. दिवस असतो, महिना असतो, पण जन्माचं साल नसतं. हे लक्षात आलं आणि मला एकदम घरचं काहीतरी भेटल्यासारखं वाटलं. रामनवमीलाही आपण साल विचारत नाही. ज्याचं वय मोजायचं, त्याचं साल लागतं. ज्याची आठवण दरवर्षी नव्याने करायची, त्याला दिवस पुरतो.

आणि तो दिवस नुसती नोंद म्हणून येत नाही. राम सूर्यवंशी, त्याचा जन्म भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना. कृष्ण चंद्रवंशी, त्याचा जन्म मध्यरात्री. आणि वद्य अष्टमीचा चंद्र उगवतो तोही मध्यरात्रीच्याच सुमारास. कारागृहातला अंधार आणि क्षितिजावरून वर येणारा अर्धा चंद्र एकाच घटकेला जुळवणाऱ्या मनाने तिथीतच कथा सांगून टाकली आहे. हनुमानाचा जन्म आपण चैत्र पौर्णिमेला सूर्योदयाच्या वेळी करतो, तमिळनाडूत तोच मार्गशीर्षात होतो. एकाच देवाचे दोन जन्मदिवस असले तरी त्यातला एकही खोटा ठरत नाही. देवाची जन्मतिथी म्हणजे त्याचा स्वभाव काळाच्या भाषेत सांगणं.

गेममधल्या तारखा याच नजरेने पाहिल्या की त्या बोलू लागतात. झोंगली हा लियुए या प्रदेशाचा देव, सहा हजार वर्षांहून अधिक वयाचा. तो करारांचा देव आहे. दिलेला शब्द हीच त्याच्या राज्याची पायाभरणी. त्याचा वाढदिवस ३१ डिसेंबर. आपल्याकडे व्यापारी दिवाळीला वहीपूजन करून नवी वही उघडतो. झोंगलीचा दिवस त्याच्या आदल्या घटकेचा आहे, जुनी वही मिटण्याचा. कथेतही तो हेच करतो. स्वतःच्या मृत्यूचा देखावा रचतो आणि आपल्याविना माणसं राज्य सांभाळतात का हे पाहून बाजूला होतो. हिशेब पुरा झाल्यावर उठून जाणाऱ्या देवाला वर्षाचा शेवटचा दिवस शोभतो.

हू ताओ ही त्याच लियुएतली मुलगी. अंत्यविधी करणाऱ्या एका जुन्या संस्थेची ती सत्त्याहत्तरावी प्रमुख. तिचा वाढदिवस १५ जुलै. चिनी पंचांगात सातव्या महिन्याचा पंधरावा दिवस हा भटक्या आत्म्यांना अन्न देण्याचा दिवस आणि जपानमध्ये काही ठिकाणी पितरांचा ओबोन सण १५ जुलैलाच येतो. या दिवसामागे बौद्ध परंपरेत मौद्गल्यायनाची कथा सांगतात. आईला प्रेतलोकातल्या भुकेतून सोडवण्यासाठी त्याने केलेल्या दानाची. आपल्या पितृपक्षातलं पान आणि ती कथा एकाच काळजीतून आलेली आहेत: गेलेलं माणूस उपाशी राहू नये. अशा दिवशी जन्मलेली हू ताओ उदास नाही, ती कविता करते, खोड्या काढते. मृत्यूच्या सणाला कुणाचा तरी वाढदिवस ठेवणं यात केवढा धीर आहे.

बेनेट देव नाही, साधा मुलगा आहे. अनाथ, आणि इतका दुर्दैवी की त्याच्या साहसी चमूत शेवटी तो एकटाच उरला. त्याचा वाढदिवस २९ फेब्रुवारी. गेम आला तेव्हा २०२० चा तो दिवस सरून गेला होता, म्हणून बेनेटचा खरा वाढदिवस पहिल्यांदा आला तो २०२४ मध्ये. पुढचा २०२८ मध्ये. दुर्दैव काय असतं हे सांगायला याहून नेमकी तारीख नाही. पण खेळात हाच मुलगा सोबत्यांच्या जखमा भरतो आणि त्यांचं बळ वाढवतो. स्वतःचा दिवस वर्षानुवर्षं न उगवणारा मुलगा दुसऱ्यांच्या वाट्याचा दिवस चांगला करतो.

मला सर्वांत विचार करायला लावते ती इनाझुमा या प्रदेशाची वीजदेवता, रायडेन शोगुन. तिला शाश्वतता हवी आहे. बहीण गेली, मैत्रिणी गेल्या. बदल म्हणजे गमावणं, असा धडा घेऊन ती राज्याचा काळच थांबवू पाहते. आणि तिलाही वाढदिवस आहे, २६ जून. जपानातल्या पावसाळ्याचे ते दिवस, विजेच्या देवतेला साजेसे. पण वाढदिवस म्हणजे बदलाचीच खूण. ज्याला काहीच बदलू नये असं वाटतं, त्याच्या दारातही तो दरवर्षी येऊन उभा राहतो. लगेच दुसऱ्या दिवशी, २७ जूनला, तिच्या जुन्या मैत्रिणीचा, याए मिकोचा वाढदिवस असतो. हीच मैत्रीण कथेत तिला पुन्हा माणसांत यायला लावते. शाश्वताच्या शेजारी उद्याची तारीख उभी आहे, हे चित्र मनातून जात नाही.

आता नाहिदा. तिच्या प्रदेशाचं नाव सुमेरू, म्हणजे आपला मेरू पर्वत. तिच्या आधीच्या थोर देवतेचं नाव रुक्खदेवता. पालीत रुक्ख म्हणजे वृक्ष. नाहिदाला लोक म्हणतात धाकटी देवता कुसनाळी. हे नाव थेट जातककथेतलं आहे. त्या कथेत राजाच्या वाड्याला खांब हवा म्हणून एक भव्य झाड तोडायचं ठरतं. झाडाची देवता रडू लागते. मोठमोठ्या वृक्षांच्या देवतांना काही सुचत नाही. पायाशी उगवलेल्या कुशाच्या झुबक्यातली छोटी देवता सरड्याचं रूप घेते, मुळांतून शिरून फांद्यांतून बाहेर पडते आणि झाड आतून पोखरल्याचा भास निर्माण करते. सुतार झाड सोडून देतो. गवताने वृक्षाला वाचवलं. गेममध्येही मोठी नाहीशी होते, आणि जगाचा वृक्ष वाचतो तो धाकटीच्या हातून.

पण त्याआधी पाचशे वर्षं विद्वानांनी या धाकट्या देवतेला सुरस्थान नावाच्या मंदिरात कोंडून ठेवलेलं असतं. थोरलीच्या तुलनेत ती त्यांना कमी वाटते. तिचा वाढदिवस मात्र बाजारातली माणसं साजरा करतात. सब्झेरूझ त्या उत्सवाचं नाव. त्या विद्वानांच्या विद्यापीठाला तो मान्य नाही, पैसा नाही, तरी एक नर्तकी नाचाची तयारी करते, एक आजारी मुलगी उत्सवासाठी धडपडते. ज्या देवतेला कुणी पाहिलेलं नाही, तिचा दिवस ही माणसं सांभाळून ठेवतात. देवता कैदेत असली तरी तिची तारीख मोकळी असते, कारण ती लोकांच्या हातात असते.

इथे मला माझं उत्तर सापडलं. गेम विकणाऱ्यांना या तारखांमागे व्यवहार दिसत असणारच. पत्राच्या निमित्ताने खेळणारा परत येतो. ते मी नाकारत नाही. पण तारीख कॅलेंडरवर कुणीही छापू शकतं. तिला अर्थ येतो तो पाळणाऱ्यांमुळे. देशोदेशीची मुलं त्या दिवशी चित्रं काढतात, केक करतात, तारखांतले धागे एकमेकांना उलगडून सांगतात. बाळकृष्णाच्या पाळण्याची दोरी ओढणाऱ्या हातांनी हेच केलं आहे. अमराला जन्मदिवस दिला की तो आपल्या मोजक्या वर्षांत येऊन बसतो. वर्षातून एक दिवस त्याचं आणि आपलं कॅलेंडर एक होतं.

रात्री जेवताना मी भाचीला सांगितलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच घरात होतं. ती म्हणाली, प्रश्न तर तुझा होता. खरंच होतं ते. मी तिला विचारलं, रामनवमीला जन्म कुणाचा होतो? "रामाचा." आणि सुंठवडा कुणाच्या हातावर पडतो?

तिने क्षणभर आपल्या तळव्याकडे पाहिलं आणि हसली.