भूल देणाऱ्याची शुद्ध

घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी बोलणाऱ्या आम्हा ग्वाल्हेरकरांना काही शब्द दोन कानांनी ऐकावे लागतात. ‘भूल’ हा त्यांपैकी एक. मराठीत डॉक्टर भूल देतात. हिंदीत भूल म्हणजे चूक. ‘मुलाला भूल दिली’ असे आपण गोरखीच्या परिसरात एखाद्या हिंदी शेजाऱ्याला सांगितले, तर तो क्षणभर बुचकळ्यातच पडेल. त्याचे बुचकळ्यात पडणे मात्र अगदीच व्यर्थ नाही. जो दुसऱ्याची शुद्ध काढून घेतो, त्याच्यावर कोणते ऋण चढते, हा प्रश्न या शब्दात दडलेला आहे.

प्रौढ माणूस स्वतः सही करून टेबलावर निजतो. सहा वर्षांच्या मुलाची सही त्याचे आईबाप करतात. त्याला दिसतो तो फक्त तोंडाजवळ येणारा मास्क. पुष्कळदा मुलांना आधी औषध हुंगवून झोपवतात आणि सुई मागाहून टोचतात. झोप लागताच घशाचे स्नायू सैलावतात, जीभ व टाळू मागे पडतात आणि हवेची वाट आखडते. मुलाची जीभ तोंडाच्या मानाने मोठी, श्वासमार्ग अरुंद. तान्ह्या बाळाचे डोके मागे इतके फुगीर असते, की उताणे निजवले तर मान आपोआप पुढे झुकते. शिवाय वजनाच्या मानाने मुलाला प्राणवायू प्रौढाच्या जवळजवळ दुप्पट लागतो आणि फुफ्फुसातली शिल्लक थोडी असते. वाट बंद झाली, तर प्रौढाला मिळतो तेवढा अवधी मुलाला मिळत नाही.

यावरचा पहिला उपाय साधा आहे. मान योग्य बेताने ठेवायची, हनुवटी उचलायची, गरज पडल्यास जबड्याच्या कोनामागे बोटे लावून तो पुढे घ्यायचा. मात्र बोटे हाडावरच हवीत. हनुवटीखालच्या मऊ भागावर ती दाबली गेली, तर तीच जीभ वर ढकलून वाट बंद करतात. आधार देणारा हात आणि कोंडणारा हात यांत अंतर बोटभरच असते, हे आम्हा शिक्षकांनीही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

क्लोरोफॉर्मचा वापर 1847 मध्ये सुरू झाला आणि 28 जानेवारी 1848 रोजी इंग्लंडात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना दगावली. आधी हृदय थांबते की श्वास, हा वाद पुढे अनेक दशके चालला. त्याचा एक मोठा अध्याय आपल्याच देशात, निजामाच्या हैदराबादेत घडला. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. तिथे 1888 आणि 1889 मध्ये दोन आयोग बसले, शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. दुसऱ्या आयोगाच्या कामात रूपाबाई फर्दुनजी या तरुण डॉक्टरही होत्या. डॉ. एडवर्ड लॉरी यांचा आग्रह असा, की लक्ष नाडीवर नको, श्वासावर ठेवा. क्लोरोफॉर्म हृदयावर थेट घाला घालत नाही. 1911 मध्ये लेव्ही यांनी दाखवून दिले, की तो घालू शकतो. लॉरींची खात्री खोटी ठरली, पण श्वासावर नजर ठेवण्याची त्यांची शिकवण खरीच राहिली. फाजील खात्री हीदेखील एक प्रकारची भूलच, म्हणून आता नजर श्वासावरही असते आणि हृदयावरही.

‘आता यंत्रे आहेत,’ असे कोणी म्हणेल. बोटाला लावायचे यंत्र तर 2020 च्या साथीत घरोघरी पोहोचले. पण त्यावरचा आकडा उतरतो तो श्वास अडल्यानंतर. मास्क धरणाऱ्याच्या हाताला आणि डोळ्याला ते पुष्कळदा आधी कळते. यंत्र खूण देईल; जबाबदारी घेणार नाही.

आपल्यावरही काही ऋण आहे. उपाशी नातवंडाकडे पाहून आजीचा जीव कळवळतो आणि हळूच एक बिस्कीट हाती जाते. पण झोपेत पोटातले अन्न वर येऊन फुफ्फुसात उतरू शकते. म्हणूनच दुधासाठी साधारण सहा तासांचे बंधन असते. तारीख पुढे जाईल म्हणून सर्दी लपवली, तर घसा आवळून श्वास अडण्याचा धोका वाढतो. हलणारा दुधाचा दातही सांगायला हवा. ही माया खोटी नव्हे. पण ज्याच्या हाती मूल सोपवले त्याच्यापासून सत्य लपवणारी माया त्याचे डोळे बांधते.

म्हणून मला उत्तर असे दिसते: जो दुसऱ्याची शुद्ध घेतो, त्याने तिच्या जागी आपली शुद्ध ठेवली पाहिजे. मुलाच्या संमतीची जागा आपली सही घेऊ शकते. त्याच्या जागेपणाची जागा मात्र कागद घेऊ शकत नाही. मूल डोळे उघडून नीट श्वास घेऊ लागेपर्यंत तिथे कोणीतरी जागेच असावे लागते.