बंदरावर न आलेला मुख्यमंत्री

24 मार्च 1990 रोजी भारतीय शांतिसेनेच्या शेवटच्या तुकडीने त्रिंकोमाली सोडले. बत्तीस महिने श्रीलंकेत काढून हे सैन्य मद्रास बंदरात उतरले, तेव्हा स्वागताला लष्करी अधिकारी हजर होते. राज्याचे मुख्यमंत्री एम. करुणानिधी आले नाहीत. तमिळांना मारून आलेल्या सैन्याचे स्वागत आपण करणार नाही, ही त्यांची भूमिका. त्यांचा द्रमुक पक्ष तेव्हा दिल्लीतल्या व्ही. पी. सिंह सरकारचा मित्रपक्ष होता, तरीही.

देशभर संताप उसळला आणि तो समजण्यासारखाच होता. सुमारे 1200 जवान त्या बेटावर मारले गेले होते. त्यांना तिथे पाठवले होते दिल्लीने. जाफन्याच्या गल्ल्या त्यांनी स्वतः होऊन निवडल्या नव्हत्या. करुणानिधींच्या गैरहजेरीत राजकारणही भरपूर होते. पण ते वजा केल्यावरही एक प्रश्न उरतो: परमुलखात सैनिक कसा वागला, हे ठरवायचे कोणी? त्याच्या सेनापतीने, की ज्याच्या दारात तो बंदूक घेऊन उभा राहिला त्या माणसाने?

या प्रश्नाचे मराठी उत्तर म्हणून शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीला लिहिलेले पत्र नेहमी पुढे केले जाते. 1673-74च्या सुमाराचे ते पत्र खरोखर विलक्षण आहे. दाणावैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात रयतेकडून ओरबाडाल, आणि मग रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय. नीती आणि व्यवहार त्यात एकाच दोरीत वळलेले आहेत. मात्र ती रयत राजाची स्वतःची होती. तिची तक्रार त्याच्यापर्यंत पोचू शकत होती, आणि ती दुरावली तर नुकसान त्याचेच होते. 1742पासून नागपूरकर भोसल्यांचे घोडदळ बंगालमध्ये शिरले, तेव्हा यातला एकही धागा शिल्लक नव्हता. तिथली रयत परक्याची होती, वसुली तेवढी आपली. कलकत्त्याच्या इंग्रजांनी मराठ्यांच्या भीतीने खंदक खणायला घेतला. बंगाली आया बाळाला निजवताना ‘बोर्गी’ आल्याचे अजून गातात. हे बोर्गी म्हणजे आपले बारगीर. मराठी शाळेतल्या मुलाला पत्र माहीत असते, अंगाईगीत नसते.

मद्रासकडे परत येऊ. 1857च्या उठावात मद्रास फ्युझिलियर्सचा कर्नल जेम्स नील उत्तरेकडे धाडला गेला. बनारस आणि अलाहाबाद भागात त्याच्या हाताखाली माणसे झाडांना टांगली गेली, त्यात शिपायांबरोबर गावकरीही होते. कानपूरच्या बीबीघरात इंग्रज बायकामुलांची कत्तल झाली होती. तिथले वाळलेले रक्त कैद्यांना आधी साफ करायला, प्रसंगी जिभेने चाटायला लावायचे आणि मग फाशी द्यायची, असा त्याचा हुकूम होता. त्याने तो लपवलाही नाही. त्याच्या बाजूने बोलायचे तर बीबीघर खरे होते. पण अलाहाबादच्या फाश्या त्याच्या आधीच्या. नील त्याच वर्षी लखनौत मारला गेला आणि काही वर्षांत मद्रासच्या माउंट रोडवर त्याचा पुतळा उभा राहिला. परमुलखातले क्रौर्य स्वतःच्या छावणीच्या गावी शौर्य म्हणून मोजले गेले.

साठ-पासष्ट वर्षे पुतळा तसाच होता. 1927 साली तरुण स्वयंसेवक हातोडे-कुऱ्हाडी घेऊन त्याच्यावर चालून गेले आणि तुरुंगात गेले; त्या सत्याग्रहाच्या जुळवाजुळवीत विरुदुनगरचे तरुण कार्यकर्ते के. कामराजही होते. नीलने मद्रासमध्ये कोणाला मारले नव्हते. मेलेले होते गंगेकाठचे, हिंदी-उर्दू बोलणारे, दोन पिढ्यांपूर्वीचे. ते आपले आहेत, असे तमिळ पोरांनी ठरवले, आणि ठरवल्याबरोबर पुतळ्याचा अर्थ बदलला. 1937 साली राजाजींच्या मंत्रिमंडळाच्या काळात नील रस्त्यावरून उठून एग्मोरच्या संग्रहालयात गेला.

मग 1987. 29 जुलैला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला आणि भारतीय सैन्य जाफन्यात उतरले. लोकांनी हार घातले. ऑक्टोबरमध्ये एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशी थेट युद्ध पेटले आणि हार घालणारे हात संशयित झाले. शत्रू लुंगीत होता, सायकलवर होता, कधी पोरवयाचा होता. उत्तरेतून आलेल्या जवानाला तमिळचा एक शब्द येत नव्हता. घरातली म्हातारी काय ओरडते आहे हे त्याला कळायला मार्ग नव्हता. 21 ऑक्टोबरला, तमिळ दीपावलीच्या दिवशी, सैनिक जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात शिरले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टर, परिचारिका, रुग्ण असे साठाहून अधिक लोक मेले. आतून गोळीबार झाला, असे लष्कराचे म्हणणे. वाचलेले कर्मचारी वेगळे सांगतात. ऑगस्ट 1989मध्ये वल्वेट्टितुरै येथे हल्ल्यात जवान मारले गेल्यावर गावातल्या पन्नासाहून अधिक नागरिकांचा बळी गेला. एके काळी मुंबई बंद पाडणाऱ्या जॉर्ज फर्नांडिसांनी या घटनेला भारताचे माय लाय म्हटले; माय लाय म्हणजे व्हिएतनाममधले ते गाव, जिथे अमेरिकी सैनिकांनी गावकऱ्यांची कत्तल केली होती. पुढे 1998 साली तेच संरक्षणमंत्री झाले.

याच युद्धात मेजर रामस्वामी परमेश्वरन होते. जन्म मुंबईचा, लष्करी शिक्षण मद्रासचे, पलटण महार रेजिमेंटची. 25 नोव्हेंबर 1987 रोजी छातीत गोळी लागलेली असताना ते लढले आणि मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. रुग्णालय सांगताना परमेश्वरन गाळायचे किंवा परमेश्वरन सांगताना रुग्णालय, ही सवय दोन्हीकडे आहे.

ही सवय टाळणारी एक व्यक्ती जाफन्यातच होती. विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. राजनी तिरणगम सायकलवरून फिरून बायकांच्या हकिकती टिपत होत्या. झडतीच्या नावाखाली झालेली विटंबना, बलात्कार, आणि नंतर त्या मुलीकडे शेजाऱ्यांनी फिरवलेली पाठ, सगळेच. सहकाऱ्यांबरोबर त्यांनी लिहिलेल्या ‘द ब्रोकन पामायरा’त भारतीय सैन्याला सूट नाही, एलटीटीईलाही नाही. 21 सप्टेंबर 1989 रोजी विद्यापीठातून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. सहकाऱ्यांनी बोट दाखवले ते एलटीटीईकडे.

कायदा नव्हता असे नाही. सैनिकाने नागरिकाचा खून किंवा बलात्कार केला तर एरवी खटला साध्या न्यायालयात चालतो. पण भारताबाहेर घडलेला असा गुन्हा 1950च्या लष्करी कायद्याच्या कलम 70नुसार लष्करी न्यायालयात चालवता येतो. श्रीलंकेतल्या काही जवानांना बलात्काराबद्दल शिक्षा झाल्याचे लष्कराने तेव्हा सांगितलेही. अडचण पुढची. साक्षीदार बाई समुद्रापलीकडे, तिची भाषा न्यायाधीशाला अनोळखी, आणि सैन्य माघारी गेल्यावर खटला कुठे उभा राहिला हे तिला कळवणारे कोणी नाही.

ही अडचण श्रीलंकेपुरती नव्हती. संयुक्त राष्ट्रांनी 2003 साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी लैंगिक शोषणाविरुद्ध कडक नियम काढले. त्यांच्याच शांतिसैनिकांबद्दलच्या 2005च्या झैद अहवालाने मान्य केले की खरी गाठ शिक्षेचा अधिकार सैनिक पाठवणाऱ्या देशाकडे असण्यात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या कांगोतल्या मोहिमेतील भारतीय तुकडीवर आरोप झाले तेव्हा आपल्या लष्करालाही जवानांच्या डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. पुढे पीडितांसाठीच्या निधीला भारताने 1 लाख डॉलर दिले. कल्पना पुढे सरकली, हे खरे. तरी जाफन्याच्या बाईची हाक ऐकू आली, कारण पाल्कच्या सामुद्रधुनीअलीकडे तिचीच भाषा बोलणारे शहर होते, वर्तमानपत्रे होती, मतदार होते, आणि रुसून बसणारा मुख्यमंत्री होता. कांगोतल्या बाईला मद्रास नाही.

करुणानिधींनी बंदरावर जायला हवे होते, असेही म्हणता येईल. जवानांना हार घालायचा आणि त्याच दिवशी दिल्लीकडे रुग्णालयाच्या चौकशीचा आग्रह धरायचा. तसे कोणी केले नाही. मद्रास बंदरावर स्वागत झाले, विधानसभेत भांडण झाले, आणि चौकशीचा विषय दोन्हींच्या मधल्या पाण्यात बुडाला.

जाफन्याच्या रुग्णालयात दरवर्षी 21 ऑक्टोबरला कर्मचारी मेलेल्या सहकाऱ्यांच्या तसबिरींपुढे दिवे लावतात. मग ज्याची पाळी असेल तो वॉर्डात जातो.