दिवाणखान्यातले बघे

१९८४ साली दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली, ती मुळात कुटुंब नियोजनाचा प्रचार करायला. सुरुवातीचे भाग उपदेशाचे निघाले, लोक कंटाळले, आणि लेखक मनोहर श्याम जोशींनी कथेचा रोख घरातल्या माणसांकडे वळवला. दारुडा बसेसर राम, त्याची बायको भागवंती, सुनेला धारेवर धरणारी सासू, वाढत्या वयाची मुलंमुली. या मालिकेमागचा विचार मेक्सिकोचे मालिकाकार मिगेल साबिदो यांचा. त्यांच्या रीतीनुसार मालिकेत एक पात्र अनुकरण करण्यासारखं असावं, एक धडा घेण्यासारखं आणि एक या दोघांच्या मध्ये हेलकावणारं. बाकीचं काम प्रेक्षक करतो. भागवंती धडा घेण्यासाठी होती. शिवीगाळ आणि जाच निमूट सोसत राहिलं की बाईचं काय होतं, ते तिच्याकडे बघून कळावं अशी अपेक्षा. भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द समजावूनही सांगत.

पुढे अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संज्ञापन अभ्यासकांनी या मालिकेच्या प्रेक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा भलतंच निघालं. पुष्कळ प्रेक्षकांना भागवंतीच आदर्श वाटली होती, आणि त्यात बायकाही होत्या. जिचं उदाहरण टाळायचं, तिच्याच पाया पडायची वेळ आली.

मला यात प्रेक्षकांचं काही चुकलं असं वाटत नाही. ‘पदरी पडलं पवित्र झालं’ हे ज्यांनी लहानपणापासून ऐकलं, त्यांना सोसणाऱ्या बाईत पराभव दिसणार कसा? शिवाय नाटकाचा स्वतःचा एक कायदा असतो: जो जास्त सोसतो, त्याच्यावर माया जडते. लेखकानं मनात काहीही धरलेलं असो, कॅमेरा ज्या चेहऱ्यावर रेंगाळला ती नायिका. म्हणजे घरातला छळ दाखवला की त्याला विरोध झाला, हे गणितच कच्चं. आपल्या दैनंदिन मालिकांनी तर ते उलटं करून त्यावर संसार थाटला.

त्याच १९८४ मध्ये अमेरिकेत दोन दूरचित्रपट आले. जानेवारीतल्या ‘समथिंग अबाउट अमेलिया’त बाप स्वतःच्या मुलीचं लैंगिक शोषण करतो. त्या भूमिकेसाठी टेड डॅन्सन घेतला होता, ‘चिअर्स’ या विनोदी मालिकेतला लोकांचा लाडका नट. ही निवड फार हुशारीची होती. बसेसर रामची दारू बघून ‘शुद्धीवर असता तर असं वागला नसता’ म्हणण्याची सोय राहते. इथे ती सोयच काढून घेतली. ऑक्टोबरमधला ‘द बर्निंग बेड’ मिशिगनमधल्या खऱ्या खटल्यावर बेतला होता. वर्षानुवर्षं मार खाल्लेली बायको झोपलेल्या नवऱ्याच्या पलंगाला आग लावते. परिणाम जबरदस्त, पण सुटकेची वाट आगीतूनच. ब्रिटनच्या ‘ब्रुकसाइड’ मालिकेत नव्वदच्या दशकात छळणाऱ्या बापाचा खून होऊन तो परसात फरशीखाली पुरला गेला. तिथून पुढे छळ मागे पडतो आणि मृतदेह कधी सापडतो याचीच उत्कंठा उरते.

इथवर सगळ्यांची नजर दोनच माणसांवर होती: मारणारा आणि मार खाणारी. ती हलवली दक्षिण आफ्रिकेच्या ‘सोल सिटी’ या मालिकेनं. १९९९ च्या चौथ्या पर्वात थबांग हा मान असलेला शिक्षक बायकोला मारतो. शेजाऱ्यांना ऐकू जातं आणि ते गप्प राहतात. नवराबायकोचं भांडण, आपण कशाला मध्ये पडा. पुढे एकदा मारहाण सुरू होते तेव्हा तेच शेजारी भांडीकुंडी घेऊन त्याच्या घराबाहेर जमतात आणि ती बडवत उभे राहतात. कुणी दार तोडत नाही, भाषण ठोकत नाही. फक्त ‘आम्हाला ऐकू येतंय’ एवढं त्याला कळतं. मालिकेनंतर काही वस्त्यांत लोकांनी खरोखरच भांडी वाजवल्याचं नोंदलं गेलं. टेंबिसा वस्तीतल्या एका दारूच्या अड्ड्यावर तर गिऱ्हाइकांनी बाटल्या वाजवल्या. मालिकेच्या जोडीला बायकांसाठी मोफत फोनसेवा होती, आणि १९९८ साली मंजूर होऊन रखडलेला कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू व्हावा म्हणून रेटाही.

आता आपल्या मालिकेतली थोबाडीत आठवा. हात उगारला जातो, ढोल वाजतो, तोच हात तीन कोनांतून तीनदा पडतो. मग कॅमेरा दिवाणखान्यातल्या एकेका चेहऱ्यावर धावतो: सासू, सासरे, दीर, जाऊ, जिन्यावर थबकलेली नणंद, दारातली मोलकरीण. प्रत्येकाचे डोळे विस्फारलेले, आणि जाहिरात. बघे आपल्याकडे भरपूर आहेत, आफ्रिकेपेक्षाही जास्त वेळ पडद्यावर आहेत. फक्त त्यांच्यापैकी कुणाच्या हाती भांडं येत नाही. त्यांचा धक्का हा पुढच्या भागाचा माल असतो.

मराठी रंगभूमीनं हा बघा आधीच पकडला होता. तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’मध्ये (१९८३) मुलीला जावई मारतो, पण नाटक खरं घडतं ते तिच्या आदर्शवादी बापाच्या, नाथ देवळालीकरच्या, आत. जावई दलित दाखवल्याबद्दल त्या नाटकावर झालेली टीका मला आजही रास्त वाटते. बापाकडे वळलेली नजर मात्र मोलाची होती.

मराठी मालिकांपैकी ‘आई कुठे काय करते’नं (२०१९ ते २०२४) नायिका अरुंधतीला घटस्फोट घ्यायला लावून घराबाहेर काढलं, हे थोडं नव्हतं. तरी रोजच्या मालिकेची गोची अशी, की जाच करणारा माणूस खलनायक म्हणून हवाच असतो. तिचा नवरा अनिरुद्ध कथेतून जाणार कसा? ‘क्रिमिनल जस्टिस’ या मर्यादित भागांच्या हिंदी वेब मालिकेच्या २०२० च्या पर्वाला ती अडचण नव्हती. नामांकित वकिलाची बायको नवऱ्यावर सुरीनं वार करते आणि गप्प राहते. विवाहांतर्गत बलात्काराला आपला फौजदारी कायदा आजही अपवादात टाकतो, आणि तिच्या गप्प राहण्याचा अर्थ लागतो तो हळूहळू, तुरुंगात आणि कोर्टात.

कोर्ट आलं, पण वाट पुन्हा सुरीतूनच गेली. खरं तर आपल्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं चौथं कलम थेट शेजाऱ्यासाठीच आहे: हिंसा होतेय असं वाटायला कारण असलेली कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्हेतूनं कळवलं तर तिच्यावर ना दिवाणी दावा ना फौजदारी. मालिकांत पोलीस येतात, वकील येतात, कोमातून उठवणारे डॉक्टर तर हमखास. संरक्षण अधिकारी आलेला मला आठवत नाही. जिन्यावर थबकलेल्या त्या नणंदेला त्याच्या कचेरीत पाठवायला लेखकाला फार तर एक भाग लागेल, आणि तिनं तिथे जाऊन सख्ख्या भावाचं नाव घेणं हे कुठल्याही थोबाडीपेक्षा जास्त नाट्यमय आहे.