परीस झिजत नाही, पाणी झिजतं

जन्मभर शोधावी आणि हाती लागली की सगळं दैन्य फिटावं, अशा वस्तूला मराठीनं परीस म्हटलं. ज्ञानेश्वरीत परिसाचा दृष्टांत पुन्हा पुन्हा येतो, पण तिथं रोख सोन्यावर नसतो, पालटण्यावर असतो. पुढे संतपरंपरेनं या दृष्टांतातलीही उणीव काढली: परीस लोखंडाचं सोनं करतो, दुसरा परीस करत नाही, गुरू शिष्याला आपल्यासारखंच करतो.

सर्वांत धीट वळण मात्र नामदेवांच्या कथेत आहे. परिसा भागवताला रुक्मिणीनं परीस दिला होता. त्याच्या बायकोनं तो मैत्रिणीला, नामदेवांच्या पत्नी राजाईला, उसना दिला. घरात आलेलं सोनं पाहून नामदेवांनी तो परीस चंद्रभागेत टाकला. भागवत चिडून मागायला आला, तेव्हा नामदेवांनी नदीतले ओंजळभर खडे त्याच्यापुढे धरले. सगळेच परीस! ज्याच्यासाठी आयुष्य पणाला लावायचं, तो दगड वाळवंटातल्या खड्यांच्या मोलाचा झाला.

बोलीनं हे वळण फारसं मनावर घेतलं नाही. ‘त्याच्या हाताला परीस आहे’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे पैसाच असतो. त्या अर्थानं विदर्भातल्या वरूड तालुक्याचा परीस संत्रा. विदर्भाचा कॅलिफोर्निया हे नाव या पट्ट्याला त्यानंच मिळवून दिलं. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांतली कलमं दूरदूर गेली. पण संत्र्याला बारमाही ओल लागते. मृग बहारासाठी ताण दिला तरी तो वेळेवर तोडायला पाणी हवंच. मग शोध जमिनीखाली गेला. तळहातावर नारळ धरून पाणी पाहणारा वावरात फिरतो, नारळ उभा राहिला की तिथं खूण, आणि मशीन लागते. राखाडी भुकटी उडत राहते. धुरळा ओला कधी होतो, याकडे अख्खं घर डोळे लावून बसतं. पूर्वी विहिरीवर भागायचं, आता बोअर हजार फुटांच्या गोष्टी करतात.

इथं तो जुना दृष्टांत तुटतो, आणि मला हेच महत्त्वाचं वाटतं. कितीही लोखंडाला लावला तरी परीस झिजत नाही. काळ्या पाषाणाच्या भेगांतलं पाणी झिजतं; माझा बोअर खोल गेला की शेजाऱ्याची विहीर बसते. म्हणजे शोधच शोधलेली वस्तू संपवतो. भूजलाच्या सरकारी नोंदीत वरूड अतिशोषित ठरला तो असा.

२०१६ मध्ये पानी फाउंडेशननं पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी तीन तालुके घेतले: कोरेगाव, अंबाजोगाई आणि वरूड. चषकासाठी का होईना, ऐन उन्हाळ्यात माणसं टिकाव-फावडी घेऊन उतारांवर समतल चर खणायला उतरली. त्या चरांत कुणाला पाणी लागणार नव्हतं. पावसाचं पाणी तिथं थांबून सगळ्यांच्या जमिनीखाली मुरणार होतं. नवी कलमं लावताना पहिला हिशेब या मुरलेल्या पाण्याचा व्हावा, बोअरच्या खोलीचा नंतर.