रक्ताची ठेव आणि मृतांचा हक्क
प्रयोगशाळेत रक्त, ऊती किंवा पेशी यांचे नमुने साठवण्यामागे नाश लांबवण्याचा हेतू असतो. उणे 80 अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्ये किंवा उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये रासायनिक क्रिया इतक्या मंदावतात की, ज्याचे रक्त घेतले तो माणूस निवर्तल्यावरही त्यातील डीएनए, म्हणजे आनुवंशिक माहिती वाहणारा रेणू, अभ्यासता येतो. हे टिकवणे सर्वांच्याच दृष्टीने पुण्यकर्म ठरते का, हा प्रश्न ॲमेझॉनच्या अरण्यातील यानोमामी लोकांनी उभा केला.

जेम्स नील या अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञाच्या पथकाने 1967 व 1968 मध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या निधीतून यानोमामींच्या वस्त्यांमध्ये जाऊन रक्त घेतले आणि मोबदल्यात भांडी, कोयते अशा वस्तू दिल्या. यानोमामी धर्माचारानुसार मृताचे दहन होते, त्याच्या वस्तू नष्ट केल्या जातात, त्याचे नावही उच्चारले जात नाही. कारण त्याची खूण मागे उरली तर मृताची सुटका होत नाही आणि जिवंतांचा शोकही संपत नाही. अशा समाजातील मृतांचे रक्त दूरदेशी गोठवून ठेवलेले असणे, ही त्यांच्या लेखी अपुरी राहिलेली अंत्येष्टीच होती. दावी कोपेनावा या शामानाने, म्हणजे आत्म्यांशी संवाद साधणाऱ्या पुरोहिताने, ते परत मिळावे यासाठी दीर्घकाळ पाठपुरावा केला. अखेर 2015 मध्ये 2,693 कुप्या ब्राझीलमध्ये परतल्या आणि ते रक्त यानोमामींच्या भूमीत पुरण्यात आले.

संशोधनाची एक मोलाची सामग्री यात गेली, हा आक्षेप खोटा नाही, पण तो अपुरा आहे. साठवलेले रक्त ही ठेव मानली, तर याज्ञवल्क्यस्मृती या धर्मशास्त्रग्रंथातील ठेवीचा विचार येथे अधिक खोल जातो. राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळे ठेव गेली तर ती सांभाळणाऱ्याला स्मृती दोष देत नाही, म्हणजे फ्रीझर बंद पडण्यासारख्या आपत्तीला तिथे क्षमा आहे. मात्र ठेवीचा स्वेच्छेने उपभोग घेणाऱ्याला दंड सांगितला असून, ती लाभासह परत करायला लावावी, असा निर्णय दिला आहे. जतनाची खरी कसोटी त्यामुळे तापमानाच्या नोंदवहीत नसून, ठेवणाऱ्याच्या इच्छेशी राखलेल्या इमानात आहे. आणि ज्यांच्या धर्मात विसर्जन हाच मृताचा सन्मान आहे, त्यांच्याबाबतीत कुपी सुस्थितीत राखणे हाच इमानभंग ठरू शकतो. आपल्याकडे अस्थी नदीत सोडणाऱ्या कुटुंबाला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

तरीही स्मृतीतील ‘लाभासह’ ही अट येथे पुरी होत नाही. रक्त मातीत गेले, परंतु त्यातून दशकानुदशके काढलेली माहिती शोधनिबंधांत उतरली आहे, आणि ती पुरता येत नाही. या लाभावर यानोमामींचा हक्क मानायचा, तर त्या माहितीच्या पुढील प्रत्येक वापरासाठी त्यांची संमती घ्यावी लागेल.